चार डोलकाठ्यांची यजमानीण

ती पहिल्यांदा दिसली तेव्हा अर्धीच दिसली. अथेन्सच्या पिरेअस बंदरात बेटांकडे निघालेल्या मोठाल्या फेरीबोटी पोटात गाड्या घेत उभ्या होत्या, आणि त्यांच्या पाठीमागून चार डोलकाठ्या आभाळात गेल्या होत्या. "ती बघ, आपली," हे म्हणाले. मी मूळची हर्णैची. बोट ओळखायची ती आधी डोलकाठीवरून, हे आम्हाला लहानपणीच अंगवळणी पडलेलं. पण या डोलकाठ्या २०० फुटांच्या वर होत्या, आणि त्यांच्याखाली उभं असलेलं जहाज मात्र पांढरं, सडपातळ, पुढे टोकदार नाळ काढलेलं. शेजारच्या बोटींपुढे ती अगदी लहानखुरी वाटत होती. मागच्या अंगाला निळ्या अक्षरांत नाव: विंड स्टार. त्याखाली तिचं नोंदणीचं गाव, बहामातलं नासाऊ.

तिची निवड कशी झाली ते आधी सांगायला हवं, कारण माणसाची खरी ओळख पुष्कळदा त्याच्याकडे आपण का गेलो यातच असते.

यांनी बँकेत ३४ वर्षं टाय बांधला. उन्हाळा असो, लोकलची गर्दी असो, सकाळी साडेसातला आरशासमोर गाठ बसलीच पाहिजे. निवृत्तीच्या दिवशी घरी येऊन टाय सोडला आणि म्हणाले, "आता हा कुणाच्या लग्नातसुद्धा नाही." नंतर लेकीने आम्हा दोघांना समुद्रावरची सहल द्यायचं ठरवलं, तेव्हा यांची अट एकच होती: जिथे रात्रीच्या जेवणाला कोट चढवावा लागेल तिथे यायचं नाही. माझीही एक अट होती. जिथे आपण गर्दीतले एक होऊ, तिथे नको.

या दोन अटी ऐकायला साध्या. पण समुद्रपर्यटनाच्या जगात त्या निम्मं दुकान बंद करतात. आजचं आयकॉन ऑफ द सीज हे जहाज ७,००० हून अधिक प्रवासी नेऊ शकतं. आमच्या लहानपणीच्या हर्णैत तेवढी माणसं असतील की नाही कोण जाणे. दुसरीकडे क्यूनार्डच्या क्वीन मेरी २ वर अजूनही ठरावीक रात्री गाला संध्याकाळ असते. पुरुष काळ्या कोटात, बायका लांब झग्यात. ही रीत अटलांटिक ओलांडणाऱ्या जुन्या जहाजांची. पहिल्या वर्गाच्या भोजनगृहात लोक जिना उतरून यायचे, आणि ते उतरणं हाच एक सोहळा असायचा. तिचं सौंदर्य मी नाकारत नाही. ज्यांना नटूनथटून जेवायला जाण्यात आनंद आहे, त्यांनी तिथेच जावं. आम्हाला मात्र नटण्याची सक्ती नको होती.

मग शोध सुरू झाला, आणि शोधताना कळलं की लहान जहाजांचंही एक गोत आहे. सीड्रीम १ हे १९८४ सालचं, हेलसिंकीत बांधलेलं, ११२ प्रवाशांचं. सी गॉडेस या नावाने ते जन्माला आलं तेव्हा तिथे कोट-टायचा थाट होता. आज तिथे टाय शोधून सापडत नाही. पॉल गोगँ हे ताहितीच्या बेटांमध्ये फिरणारं, उघड्या गळ्याच्या सदऱ्याला मान देणारं. स्टार फ्लायर हे १९९१ चं, बेल्जियममधल्या घेंट शहरात बांधलेलं, खरोखरीचं शिडाचं जहाज. तिथले खलाशी दोर ओढतात आणि प्रवाशांनाही ओढू देतात. प्रत्येकाची चौकशी करताना आम्ही तेच तेच प्रश्न विचारत गेलो. प्रवासी किती आणि त्यांच्या दिमतीला माणसं किती? संध्याकाळी काय घालावं लागतं, आणि त्याहून महत्त्वाचं, काय घालू नये? लहान बंदरात जाऊन नांगर टाकता येतो का? खोली जहाजाच्या मध्यावर आणि खालच्या मजल्यावर मिळेल का?

शेवटचा प्रश्न माझा. मला बोट लागते. हर्णैच्या लेकीला बोट लागते हे ऐकून लोकांना नवल वाटतं, पण वडील सांगायचे, समुद्र काही गाव विचारून पोट ढवळत नाही. त्यांनीच शिकवलेलं: मध्यावर बस, खाली बस, आणि नजर क्षितिजावर ठेव.

सगळ्या प्रश्नांना मनासारखी उत्तरं मिळाली ती विंड स्टारकडून. १४८ प्रवासी, सुमारे १०० माणसांचा ताफा. दिवसा हवं ते घाला. रात्री जेवायला अर्धी चड्डी नि टीशर्ट नको, एवढंच. कोट कुणालाच लागत नाही, टाय कुणालाच नाही.

तिच्या जन्माची गोष्ट तिच्या स्वभावाइतकीच मला आवडते. १९७० च्या दशकात तेल महागलं आणि जहाज बांधणाऱ्यांना वाऱ्याची पुन्हा आठवण झाली. फिनलंडमधल्या व्हार्टसिला कंपनीच्या आरेखकांनी एक कल्पना मांडली: शिडं पूर्वीसारखी, पण ती उघडायला-मिटायला पन्नास खलाशी नकोत, ते काम संगणक करील. मॅनहॅटन बेटाभोवती पर्यटकांना फेरी मारून आणणाऱ्या सर्कल लाइनचे कार्ल आंद्रेन यांनी ती कल्पना उचलली. फ्रान्सच्या ल हाव्र बंदरात ती बांधली गेली, आतली सजावट मार्क हेल्ड या फ्रेंच रचनाकाराने केली, आणि १९८६ साली ती पाण्यावर फिरू लागली. पाठोपाठ १९८७ मध्ये विंड साँग आणि १९८८ मध्ये विंड स्पिरिट या तिच्या दोन धाकट्या बहिणी आल्या. म्हणजे कल्पना उत्तरेतली, पैसा न्यूयॉर्कचा, हात फ्रेंच. आणि ज्या काळात भारी जहाजं कोट-टायवर अडून बसली होती, त्या काळात हिने पहिल्या दिवसापासून तो हट्ट धरलाच नाही. पुढे तिचे मालक अनेकदा बदलले, पण ही सवय बदलली नाही. घर विकलं जातं, तरी उंबऱ्यावर स्वागत करण्याची पद्धत टिकते, तसं काहीसं.

तिच्या घरात शिरलं की आधी डोळ्यांत भरतं ते लाकूड. डेकवर पायाखाली सागवान, ऊन खाऊन राखी झालेलं, सकाळी धुतलेलं. खोलीही लाकडाच्या उबेची. १८८ चौरस फुटांची, दोन गोल खिडक्यांची. आपल्याकडच्या चाळीतली खोली यापेक्षा काही फार मोठी नसायची, पण इथे प्रत्येक वस्तूला तिची जागा होती आणि प्रत्येक जागेला दार. बाल्कनी नाही. नाटकगृह नाही. लिफ्टसुद्धा नाही, चढायचं ते जिन्याने. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी हे आधीच लक्षात घ्यावं. ती आपली उणीव लपवत नाही. माझ्याकडे जेवढं आहे तेवढं हे असं आहे, असं तिचं सरळ सांगणं. 

पहिल्या संध्याकाळी काय नेसायचं याचा मला विचार पडला. रेशमी साडी मी मुद्दाम आणली नव्हती. बाहेर डेकवर पाहिलं तर कुणी लिननचा सदरा घातलेला, कुणी साधा सुती झगा, एक आजीबाई सपाता घालून आलेल्या. मी निळी नारायणपेठी सुती साडी नेसले आणि पायात कोल्हापुरी. यांनी पांढरा कुर्ता घातला, ज्याला बँकेच्या ३४ वर्षांत रविवारशिवाय वार मिळाला नव्हता. आम्ही भोजनगृहात गेलो. कुणी वळून पाहिलं नाही आणि कुणी न पाहिल्यासारखंही केलं नाही. खुर्ची मागे ओढली गेली, हातरुमाल मांडीवर आला, पाणी ओतलं गेलं. त्या क्षणी मला या यजमानीणीची खरी श्रीमंती कळली. पाहुण्याने बदलून यावं असं तिला वाटतच नाही. तो आहे तसा येतो आणि त्याच्यासाठी पान मांडलं जातं.

जेवणानंतर आम्ही वर गेलो. बंदर सुटलं होतं. एकाएकी ध्वनिक्षेपकावर व्हँगेलिसचं संगीत सुरू झालं, कोलंबसावरच्या १९९२ च्या चित्रपटासाठी त्याने रचलेलं, आणि वर शिडं उलगडायला लागली. ती एकदम उघडत नाहीत. गुंडाळलेल्या ठाणातून कापड सोडावं तशी सरकत येतात; आधी एक पांढरी चिरी, मग त्रिकोण, मग त्यात वारा भरतो आणि त्रिकोणाला पोट येतं. सहा शिडं, सगळी मिळून २१,००० चौरस फुटांहून जास्त कापड, आणि दोर ओढणारा एकही माणूस दिसत नाही. तिच्यावर प्रत्येक वेळी निघताना हेच संगीत लागतं. पण व्हँगेलिस ग्रीक होता आणि आम्ही त्याच्याच समुद्रात होतो, म्हणून असेल, सगळे गप्प उभे राहिले. हेही. यांचा हात कठड्यावर होता. वारा कुर्त्याच्या उघड्या गळ्यातून आत जात होता.

दुसऱ्या दिवशी मी तिचं दुसरं रूप पाहिलं: ती चालते कशी ते. तिचा तळ पाण्याखाली ४ मीटरच्या आसपासच उतरतो. त्यामुळे मोठ्या जहाजांना जिथे लांब उभं राहावं लागतं किंवा जाताच येत नाही, तिथे ती किनाऱ्याजवळ जाऊन नांगर टाकते. नाफ्प्लिओच्या खाडीत आम्ही शिरलो तेव्हा समोर पाण्यात एक छोटा किल्ला उभा होता, बूर्झी नावाचा, व्हेनिसवाल्यांनी पंधराव्या शतकात बांधलेला. माझ्या तोंडून शब्द निघाला, "सुवर्णदुर्ग." हर्णैच्या घरातून रोज सकाळी दिसणारा. आकार वेगळा, दगड वेगळा, समुद्रही वेगळा. पण पाण्यातल्या किल्ल्यापाशी माणसं लहान बोटीने जातात आणि मोठी बोट लांब थांबते, ही रीत सगळ्या किनाऱ्यांची एकच.

किनाऱ्यावर उतरायला छोट्या नावेत बसलो तेव्हा तर मला पडावच आठवला. मुंबईची बोट हर्णैला धक्क्याला लागत नसे. ती बाहेर उभी राहायची आणि पडाव तिच्या कुशीला जाऊन माणसं, बोचकी, कोंबड्या, आंब्याच्या पेट्या उतरवून घ्यायचा. त्या चढ-उतारात आईने माझा हात कधी सोडला नाही. इथे खाली हात द्यायला दोन खलाशी उभे होते. लाट वर आली की "आता" म्हणायचे आणि त्याच क्षणी पाय टाकायचा. तांडेल तेच करायचा. लाटेची वाट बघणं शिकवावं लागत नाही, ते दर्यावर्दी माणसाच्या हातातच असतं.

मोनेम्वासियाला आम्ही अशाच नावेने गेलो. समुद्रातून उठलेला एक प्रचंड खडक, जमिनीला एका अरुंद वाटेने जोडलेला. नावाचा अर्थच एकुलता एक प्रवेश. आत बिझन्टाइन काळापासूनचं गाव, गाडी जाऊ शकणार नाही अशा गल्ल्या. आमच्यातले चाळीस-पन्नास जण त्या गल्ल्यांत पांगले तेव्हा गावाला पत्ताही लागला नाही की एक जहाज आलं आहे. मला वाटतं, लहान जहाज निवडण्यात शेजारधर्म आहे. हजारो माणसं एकदम उतरली की गाव गाव राहत नाही, बाजार होतो. पन्नास माणसं उतरली तर म्हातारी दाराशी बसून लसूण सोलत राहते. आम्ही त्या म्हातारीला मान लवून नमस्कार केला. तिने सोललेल्या लसणाची एक पाकळी माझ्या हातावर ठेवली.

पाटमॉस बेटावर मला वेशभूषेचा आणखी एक धडा मिळाला. तिथे १०८८ साली स्थापन झालेला संत योहानाचा मठ आहे. मठात खांदे-गुडघे उघडे ठेवून जाता येत नाही. आदल्या संध्याकाळीच जहाजावर सांगण्यात आलं होतं आणि एकानेही कुरकुर केली नाही. दिवसभर अर्ध्या चड्डीत हिंडणारे लांब विजारी घालून आले, बायकांनी उपरणी घेतली. माझ्या साडीला काहीच करावं लागलं नाही, पदर फक्त डोक्यावरून घेतला. तेव्हा लक्षात आलं की सैल नियम म्हणजे बेपर्वाई नव्हे. ज्या घरात उगाच बंधनं नसतात, तिथली माणसं देवळाच्या पायरीवर चप्पल काढायला कधी विसरत नाहीत. अर्थ असलेला नियम ओझं होत नाही. ओझं होतो तो फक्त दुसऱ्याला आपली पायरी दाखवण्यासाठी घातलेला नियम.

तिची एक खोडही सांगितली पाहिजे. ती लहान आहे, म्हणून समुद्र तिला हलवतो. एजियन समुद्रात उन्हाळ्यात उत्तरेकडून मेल्टेमी नावाचा कोरडा वारा सुटतो. जुलै-ऑगस्टमध्ये तर त्याचाच अंमल. आम्ही म्हणून सप्टेंबर निवडला होता. तरी एका रात्री तो आलाच. आभाळ स्वच्छ, चांदण्या लखलखीत, आणि लाटा मात्र पांढऱ्याफटक. आमच्या कोकणात वादळ आधी ढगांतून निरोप पाठवतं. हा वारा हसऱ्या तोंडाने येतो. सकाळी कप्तानाने सांगितलं की मिकोनोसला नावा सोडणं धोक्याचं आहे, आपण जाणार नाही. वाईट वाटलं. पण जो तांडेल नाही म्हणू शकतो, त्याच्याच होडीत बसावं, असं वडील म्हणत. मी खाली, मध्यावर, आलेपाक तोंडात धरून पडून राहिले. खिडकीच्या गोलात समुद्र वर यायचा, खाली जायचा. शिडं लावलेली होती. वाऱ्याने भरलेलं शीड जहाजाला एका अंगाला टेकवून धरतं, त्यामुळे ते दोन्हीकडे डुलत नाही. मांडीवर घेतलेल्या मुलाला आई एका हाताने दाबून धरते तसा तो आधार मला जाणवत होता. बोट लागली, पण फार नाही.

हे त्या दिवशी सुकाणूघरात गेले होते. हवा सोसवेल अशी असली की तिथे प्रवाशांना जाऊ देतात, विचारायचं फक्त. परत आले ते लहान मुलासारखे. वारा कुठून, किती, कोणतं शीड किती उघडं, सगळं पडद्यावर दिसत होतं म्हणाले. इंजिन बंद आहे का, असं मी विचारलं. "नाही," ते म्हणाले, "दोन्ही चालू आहेत. वेळ इंजिन सांभाळतं, वारा हातभार लावतो." हे मला आवडलं. ती जुन्या काळातली असल्याचं सोंग करत नाही. वारा मिळाला तर घेते, नाही मिळाला तर स्वतःच्या पायांनी चालते.

तिच्या आयुष्यात एक दुःखही आहे. मधली बहीण, विंड साँग, ताहितीजवळ असताना २००२ च्या डिसेंबरमध्ये तिच्या इंजिनघराला आग लागली. प्रवासी आणि खलाशी सगळे सुखरूप उतरले. जहाज मात्र दुरुस्तीच्या पलीकडे गेलं होतं, म्हणून पुढच्या जानेवारीत त्याच समुद्रात खोल नेऊन बुडवलं. विंड स्टार आणि विंड स्पिरिट उरल्या. एका रात्री डेकवर एकटी उभी असताना मी वर पाहिलं. चार डोलकाठ्या चांदण्यांमध्ये हळूच इकडून तिकडे जात होत्या. बहिणीचं नाव गाणं होतं आणि ही तारा, एवढंच मनात आलं.

आता वाटीची गोष्ट.

भोजनगृहात आम्हाला वाढणारा मुलगा इंडोनेशियाचा होता. दुसऱ्या दिवसापासून त्याला आमची नावं पाठ होती, पण मला तो नावाने हाक मारत नसे. म्हणायचा, "इबू." त्यांच्या भाषेत हा शब्द आईला लावतात आणि मान द्यायच्या बाईलाही. तिसऱ्या रात्री समोरचा मासा मी नुसताच चिवडत होते. मासा उत्तम होता, पण लिंबू आणि लोणी एवढ्यावर माझी जीभ किती दिवस राहणार? त्याने पाहिलं, काही बोलला नाही, आत गेला आणि छोट्या पांढऱ्या वाटीत लालभडक काहीतरी घेऊन आला. खलाशांच्या स्वयंपाकघरातलं संबाल. मिरची, लसूण, आणि आत सुक्या कोळंबीची गोळी कुटलेली. बोट लावून चाखलं आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मिरचीने आलं असेल. पण त्यात सुक्या जवळ्याचा तो वास होता, जो मी हर्णै सोडल्यावर कुणाच्याही ताटात घेतला नव्हता.

त्यानंतर रोज रात्री ती वाटी आमच्या टेबलावर असायची. मागावी लागली नाही. 

शेवटच्या रात्री सामान बांधताना बॅगेच्या तळाशी यांचा टाय सापडला. लागलाच तर असू दे म्हणून लेकीने घातला होता. घडीसुद्धा मोडली नव्हती. त्याच्या शेजारी माझ्या लोणच्याची लहान बरणी होती, याच वर्षीच्या कैऱ्यांची, निम्मी उरलेली. जेवण झाल्यावर मी ती वाटी मागून घेतली, धुवून पुसली आणि लोणच्याने भरली. वरून पान ठेवावं असं मनात होतं, पण पान मिळणार कुठून? कागदी रुमालच झाकला.

"हे तुमच्या स्वयंपाकघरासाठी," मी त्याला म्हटलं. "आमच्याकडे शेजाऱ्याची वाटी रिकामी परत देत नाहीत."

त्याने रुमाल उचलून वास घेतला. मग दोन्ही हातांत वाटी धरून, ती सांडू नये म्हणून जहाजाच्या हलण्यासोबत हळूहळू चालत तो आत गेला.